घरातील सांडपाण्याच्या नळ्या: निगा, दुरुस्ती आणि तुंबणे टाळण्याचे उपाय

मोरी तुंबली की प्लंबरला बोलावले जाते, तो फरशी उखडावी लागेल असे सांगतो आणि घरच्यांना मान हलवण्यापलीकडे काही सुचत नाही. प्रत्यक्षात घरातील तुंबण्याचे बहुतेक प्रकार जाळीपासून ट्रॅपपर्यंतच्या, म्हणजे पाणी अडवून ठेवणाऱ्या वाकड्या भागापर्यंतच्या, हातभर अंतरात घडतात आणि तेवढे अंतर मोकळे ठेवणे कोणाही घरच्या माणसाला जमण्यासारखे आहे. त्यापुढचा जमिनीखालचा ढाळ, चेंबर आणि मलवाहिनी हे जाणकाराचे काम आहे हे खरे. परंतु बिघाड कोणत्या टप्प्यावर आहे हे आपल्याला सांगता आले, तर विनाकारण होणारी तोडफोड टळते. पुढील माहिती इंदूरमधील मराठी घरे डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे, कारण येथील माती, येथील पाणी आणि आपले सणवार यांचा या विषयाशी फार जवळचा संबंध आहे.

पाणी कोठून कोठे जाते

राजेंद्र नगर, लोकमान्य नगर, सुदामा नगर अशा वसाहतींतील जुनी घरे मुळात एकमजली होती. नंतर वर मजले चढले, मागच्या अंगणात स्वयंपाकघर सरकले, एका न्हाणीघराची दोन झाली, आणि सांडपाण्याची मूळ नळी मात्र पुष्कळ ठिकाणी तीच राहिली. अनेक घरांचे शेवटचे चेंबर मागच्या बॅकलेनच्या बाजूला असते आणि अंगणात नवी फरशी बसवताना ते सर्रास फरशीखाली गाडले जाते. म्हणून पहिले काम म्हणजे एका कागदावर घराचा साधा आराखडा काढून सिंक, वॉश बेसिन, न्हाणी, संडास आणि वॉशिंग मशीन यांचे पाणी कोणत्या चेंबरमध्ये पडते ते लिहून ठेवणे. हे शोधायला काही लागत नाही: एकाने चेंबरचे झाकण उघडून उभे राहावे आणि दुसऱ्याने एकेका ठिकाणी बादलीभर पाणी ओतावे. झाकण फरशीखाली गेले असेल तर ते मोकळे करून घेण्याचा खर्च आताच करावा; ऐन पावसाळ्यात, पाणी उलटे घरात येत असताना, चेंबर कोठे आहे हे फरशीवर ठोकून शोधण्यात काही अर्थ नसतो.

सिंक किंवा बेसिनखालची वाकडी नळी अथवा बाटलीसारखा दिसणारा भाग, आणि न्हाणीतील जाळीखालचा वाडगा, यांना ट्रॅप म्हणतात. त्यात सुमारे ५० मिलिमीटर उंचीचे पाणी कायम अडकून राहते आणि तेच मलवाहिनीतील दुर्गंधी व झुरळे घरात येण्यापासून रोखते. घरात वास येत असेल तर फिनाइल ओतण्याआधी हे पाणी जागेवर आहे का ते पाहावे. मुले पुण्याला किंवा परदेशी गेल्यामुळे वरचा मजला बंद राहिलेली घरे आपल्याकडे पुष्कळ आहेत. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की अशा न वापरलेल्या न्हाणीतील ट्रॅप काही आठवड्यांत कोरडा पडतो आणि खालच्या मजल्यावरची मंडळी वासाचे मूळ भलतीकडेच शोधत बसतात. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक बंद मोरीत दोन तांबे पाणी ओतावे. घर अधिक काळ बंद राहणार असेल तर पाण्यावर चमचाभर खाद्यतेल सोडावे, म्हणजे त्या थरामुळे बाष्पीभवन मंदावते.

ट्रॅपमधील पाणी आणखी एका कारणाने नाहीसे होते. वरच्या मजल्यावर फ्लश ओढला की खालच्या मोरीतून गुडगुड आवाज येत असेल, तर सगळ्या मजल्यांचे सांडपाणी खाली नेणाऱ्या उभ्या नळीला हवा मिळत नाही असे समजावे. ही नळी गच्चीच्या वरपर्यंत जाऊन उघड्या टोपीत संपायला हवी. पण गच्चीवर खोली बांधताना ती कापून बंद केलेली आढळते, किंवा टोपीत पक्ष्याने घरटे केलेले असते. हवा न मिळाल्याने वाहते पाणी शेजारच्या ट्रॅपमधील पाणी ओढून नेते. येथे मोरीत काहीही ओतून उपयोग नाही, गच्चीवर जाऊनच पाहावे लागते.

मोरीत काय जाते

२०२१ मध्ये इंदूर देशातील पहिले ‘वॉटर प्लस’, म्हणजे प्रक्रिया न केलेले सांडपाणी नदी-नाल्यांत न सोडणारे, शहर ठरले. त्यापूर्वी कान्ह आणि सरस्वती या नद्यांत व लहान-मोठ्या नाल्यांत थेट सुटणारी घरगुती सांडपाण्याची तोंडे शोधून बंद करण्यात आली आणि ते पाणी मलवाहिन्यांकडे वळवले गेले. शहरासाठी ही फार चांगली गोष्ट झाली. घरमालकाला मात्र एक सवय बदलावी लागते. मागच्या उघड्या नाल्यात उष्टे-खरकटे टाकले तरी ते वाहून जात असे. बंद नळीत तेच अन्न ढाळ कमी असलेल्या जागी बसते आणि साचत राहते.

यात सर्वांत मोठा वाटा स्निग्ध पदार्थांचा. गरम पाण्याबरोबर सिंकमध्ये गेलेले तूप पहिल्या वळणापर्यंत पातळ असते, पुढे नळीच्या थंड भिंतीला लागून थिजते. मग त्याला चहाचा चोथा, भाताची शिते, भिजवलेल्या पोह्यांचा चुरा आणि भांड्यांच्या साबणाचा अंश चिकटत जातो. माळव्यातील थंडीत रात्री पारा पुष्कळ उतरतो, म्हणून डिसेंबर-जानेवारीत स्वयंपाकघरातील मोरी संथ होण्याच्या तक्रारी वाढतात. उपाय सोपा आहे: कढई आणि तुपाची भांडी घासण्याआधी जुन्या वर्तमानपत्राच्या तुकड्याने पुसून घ्यावीत, तळणीचे उरलेले तेल बाटलीत साठवावे, आणि सिंकच्या तोंडावर बारीक छिद्रांची स्टीलची जाळी ठेवून तिच्यात अडकलेले ओल्या कचऱ्याच्या डब्यात झटकावे. इंदूरमध्ये तर कचरागाडी दारात येते आणि ओला कचरा वेगळाच घेते. तो देवगुराडिया येथे २०२२ मध्ये सुरू झालेल्या, दररोज ५५० टन कचरा पचवण्याची क्षमता असलेल्या बायो-सीएनजी प्रकल्पासाठी वापरला जातो. ज्या शहरात खरकट्यापासून इंधन होते, तेथे ते स्वतःच्या नळीत कोंबण्याचे काहीच कारण नाही.

सणांचा विचार वेगळा करावा, कारण आपल्या घरातील मोरी बऱ्याचदा पंचांग पाहून तुंबते. दिवाळीच्या अभ्यंगस्नानानंतर न्हाणीची जाळी उचलून पाहिली तर तेलाने माखलेले केस, साबणाचा पांढुरका गर आणि उटण्याचा चोथा यांची बोटभर जाडीची वळलेली वात खालच्या वाडग्यात पडलेली दिसते. नुसत्या पाण्याने ती हलत नाही, उलट दाबली जाऊन पुढे सरकते. त्या चार दिवसांत जाळीवर जुन्या पातळ कापडाचा तुकडा पसरावा आणि शेवटच्या माणसाची अंघोळ झाली की तो उचलून टाकावा. गणपतीचे विसर्जन घरी बादलीत करणाऱ्यांनी शाडूचे पाणी मोरीत मुळीच ओतू नये. ती माती ट्रॅपच्या तळाशी घट्ट बसते आणि वाळल्यावर खरवडूनच काढावी लागते. दोन-तीन दिवसांनी वरचे निवळ पाणी झाडांना घालावे आणि खालचा गाळ कुंडीत मिसळावा. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, पाहून परतल्यावर कपडे आणि केस आधी अंगणात कोरडेच झटकावेत, कारण गुलाल पुष्कळदा स्टार्चचा असतो आणि पाण्यात त्याची लापशी होते. श्राद्धपक्ष, पुरणपोळी, आंबील यांचे वेगळे सांगायला नको. पुरणयंत्र सिंकमध्ये विसळण्याआधी चमच्याने खरवडून घेतले की झाले.

संडासात मलमूत्र आणि पाणी यांखेरीज काही टाकू नये. सॅनिटरी नॅपकिन, लहान मुलांचे डायपर, ओले टिश्यू आणि कापूस पाण्यात विरघळत नाहीत. टिश्यूच्या पाकिटावर काहीही छापलेले असो. वॉशिंग मशीनच्या नळीच्या तोंडाला जुना नायलॉनचा मोजा बांधला तर कपड्यांचे तंतू त्यात अडकतात. तो दर महिन्याला बदलावा, नाहीतर मशीन पाणी बाहेर टाकेनासे होते.

इंदूरमध्ये बहुतेक भागांत नर्मदेचे पाणी एक दिवस आड येते, त्यामुळे आपण पाणी तांब्या-तांब्याने वापरतो आणि ते योग्यच आहे. पण थोड्याथोड्या पाण्याने नळीतील गाळ पुढे ढकलला जात नाही. म्हणून पाणी येण्याच्या दिवशी, आठवड्यातून एकदा, बादलीभर पाणी प्रत्येक मोरीत एकदम ओतावे. कपडे विसळलेले शेवटचे पाणी यासाठी उत्तम. उकळते पाणी मात्र ओतू नये. पीव्हीसीची नळी साधारण ६० अंशांच्या पुढे मऊ पडू लागते आणि सांधे सैल होतात; हाताला सोसेल इतके गरम पाणी पुरेसे असते.

तुंबल्यावर काय करावे

प्रथम इतर मोऱ्या पाहाव्यात. एकच सिंक तुंबले असेल तर अडथळा त्याच्याच ट्रॅपमध्ये किंवा नळीत आहे. न्हाणी आणि बेसिन दोन्हींचे पाणी थांबले असेल तर अडथळा त्या दोघांच्या समाईक नळीत आहे. संडासात पाणी ओतल्यावर ते न्हाणीतून वर येत असेल, तर मुख्य नळी किंवा चेंबर भरले आहे आणि अशा वेळी घरातील सगळा पाणीवापर ताबडतोब थांबवावा. यानंतर चेंबरचे झाकण उघडावे. चेंबर कोरडे असेल तर अडथळा घराकडच्या बाजूस, तुडुंब भरलेले असेल तर पुढे मलवाहिनीच्या बाजूस. ही एक गोष्ट पाहून सांगितली तरी प्लंबरचा अर्धा वेळ वाचतो, आणि दुसऱ्या प्रकारात तर प्लंबरऐवजी महानगरपालिकेच्या ३११ ॲपवर तक्रार नोंदवणे हाच योग्य मार्ग असतो.

सिंकसाठी रबरी सक्शन पंप घरात ठेवावा. पुष्कळांना तो चालत नाही असे वाटते, कारण तो कोरड्या सिंकमध्ये दाबला जातो. रबराची वाटी पूर्ण बुडेल इतके पाणी सिंकमध्ये हवे, बेसिनचे वरचे ओव्हरफ्लोचे छिद्र ओल्या फडक्याने बंद हवे, आणि जोड-सिंक असेल तर दुसऱ्या भांड्याचे तोंडही तसेच दाबून धरायला हवे. नाहीतर सगळा जोर तेथून निघून जातो. पहिला दाब हळू द्यावा म्हणजे आतली हवा निघते, मग पंधरा-वीस वेळा जोराने वर-खाली करून एकदम उचलावे. काम खालच्या दाबापेक्षा वरच्या ओढीने अधिक होते.

तेवढ्याने न भागल्यास बॉटल ट्रॅप उघडावा. खाली बादली ठेवावी, खालची वाटी हाताने डावीकडे फिरवून काढावी, जुन्या टूथब्रशने आतील चिकटा घासावा आणि वाटीच्या कडेचा रबरी वायसर जागेवर नीट बसला आहे हे पाहून पुन्हा हातानेच आवळावी. प्लास्टिकच्या आट्यांवर पाना लावला की त्या तुटतात. बादलीतली घाण त्याच सिंकमध्ये ओतण्याचा मोह टाळावा, कारण या क्षणी त्याखाली ट्रॅप नसतो. न्हाणीच्या ट्रॅपसाठी जाळी उचलून, हातमोजा घालून, हातानेच गाळ काढणे हा सर्वांत जलद उपाय आहे, आणि किळस सोडल्यास त्यात अवघड काहीच नाही. त्यापुढे अडथळा असेल तर हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी लवचीक स्प्रिंग एकाच दिशेने फिरवत हळूहळू आत सारावी. लोखंडी सळई खुपसू नये, तिने वळणावरची नळी फुटते.

रसायनांबाबत माझे मत स्पष्ट आहे: घरगुती तुंबण्यासाठी त्यांची गरज क्वचितच असते. खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतले की फेस छान दिसतो, पण दोघे एकमेकांना निष्प्रभ करतात आणि उरते ते जवळपास खारट पाणी. कॉस्टिक सोड्याची ड्रेन पावडर चरबी विरघळवते हे खरे, परंतु पाण्यात पडताच ती प्रचंड उष्णता निर्माण करते आणि अर्धवट तुंबलेल्या नळीत तिचा दगडासारखा गोळा होतो. तेजाब वापरले तर कोटा फरशी खाल्ली जाते, कारण तो चुनखडीचाच दगड आहे, आणि क्रोमचे नळ काळवंडतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तेजाब किंवा संडास साफ करण्याचे आम्लयुक्त द्रव ब्लीचिंग पावडरबरोबर कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो. एका मोरीत आधीच काही ओतले असेल तर ते प्लंबरला न विसरता सांगावे, म्हणजे तो उघड्या हाताने ट्रॅप खोलणार नाही.

चेंबर किंवा सेप्टिक टँकमध्ये कोणालाही उतरवू नये. आत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साठलेले असतात, आणि माणूस हाक मारण्याआधीच बेशुद्ध होतो. सुरक्षा साधनांशिवाय हे काम माणसाकडून करवून घेण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. यंत्राची गाडीच बोलवावी. जेथे अजून सेप्टिक टँक आहे तेथे तो दर दोन-तीन वर्षांनी उपसून घ्यावा.

जमिनीखालचे आणि नळाकडचे थोडेसे

इंदूरची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. जुन्या चिनी मातीच्या पाईपांचे सिमेंटचे सांधे ही हालचाल सोसत नाहीत. ते तडकतात, माती आत येते आणि पिंपळ किंवा वडाची मुळे ओलाव्याच्या दिशेने नेमकी तेथे पोहोचतात. वर्षातून दोनदा चेंबर उघडून पाहताना त्यात काळी माती किंवा केसासारखी बारीक मुळे दिसली, तर नळी कोठेतरी फुटली आहे असे धरून चालावे. अशी नळी पुन्हापुन्हा साफ करण्यात पैसे घालवण्यापेक्षा तेवढा तुकडा बदलावा. जून उजाडण्याआधी गच्चीवरील पन्हाळीच्या तोंडाला जाळी लावावी आणि पावसाच्या पाण्याची नळी सांडपाण्याच्या चेंबरला जोडलेली नाही याची खात्री करावी. रस्त्यापेक्षा खाली गेलेल्या घरांनी शेवटच्या चेंबरमध्ये उलटा प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह बसवून घ्यावा.

पुरवठ्याच्या नळ्यांची निगा त्या मानाने सोपी आहे. प्रत्येक अँगल कॉक सहा महिन्यांतून एकदा पूर्ण बंद करून उघडावा, म्हणजे बोअरच्या जड पाण्यातील क्षार बसून तो जाम होत नाही. ऐन वेळी बंद न होणारा कॉक असून नसल्यासारखा असतो. शॉवर आणि नळाच्या तोंडाची जाळी सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात रात्रभर बुडवली की पांढरे खवले सुटतात. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाकून वीस मिनिटे थांबावे. फ्लश न ओढता भांड्यात रंग उतरला तर आतील रबर बदलायला झाले आहे. गच्चीवरील टाकीचा बॉल कॉक नीट बंद होतो का ते पाहावे, कारण नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर आणलेले पाणी गच्चीवरून वाहून जाणे परवडणारे नाही. आणि मुख्य नळजोडाला थेट टुल्लू पंप लावू नये: तो ओढताना नळीत निर्वात होतो, आणि ती नळी एखाद्या गळक्या चेंबरजवळून जात असेल तर तेथील घाण पाणी पिण्याच्या पाण्यात खेचले जाते.

नवे काम करवून घेताना चार इंची नळीला चाळीसास एक ढाळ मागावा, म्हणजे दहा फुटांत तीन इंच. काटकोनी एका वळणाऐवजी ४५ अंशांची दोन वळणे आणि प्रत्येक वळणाशी झाकण असलेला डोअर बेंड घेण्याचा आग्रह धरावा. कारागीर खर्च वाढेल म्हणतील, पण पुढे फरशी न तोडता स्प्रिंग घालता येते. फरशी बसवण्याआधी नळीचे खालचे तोंड बंद करून ती पाण्याने भरून ठेवावी, तासाभराने पातळी उतरली नाही हे स्वतः पाहावे, आणि उघड्या नळ्यांचे मोबाइलवर फोटो काढून त्यावर भिंतीपासूनची अंतरे लिहावीत. हे फोटो आराखड्याच्या त्या कागदाबरोबरच घराच्या कागदपत्रांत ठेवावेत. कारागिराची मजुरी या चाचणीनंतरच द्यावी.